वल्द मनेजर

भैयालाल निखारे यांनी छत्तीस वर्षं बालाघाट आणि आसपासच्या खेड्यांत टपाल वाटलं, आणि नाव-पत्ता अपुरा म्हणून एकही पत्र परत जाऊ दिलं नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत. लालबर्राच्या एका पाकिटावर नुसतं ‘गोदाबाईला मिळो, जिच्या बकऱ्या पांढऱ्या आहेत’ एवढंच लिहिलेलं होतं. भैयालालजींनी दोन दिवस सायकल हाणली, गावातल्या साऱ्या बकऱ्या नजरेखालून घातल्या आणि गोदाबाई शोधून काढली. निवृत्त झाल्यापासून या गोष्टीतल्या बकऱ्या दरवर्षी थोड्या वाढत गेल्या, पण गोदाबाई खरी होती.

असा हा माणूस वर्षातून एका दिवशी मात्र चोरासारखा बसायचा. पितृपक्षात वडिलांच्या तिथीला श्राद्ध सांगायला महाराज घरी येत. अंगणात परात, तीळ, दर्भ, सगळं मांडलेलं. महाराज विचारत, “पिताजी का नाम?”

“हिरालाल.”

“दादाजी का?”

इथे भैयालालजींचा आवाज बसायचा. “मनेजर.”

महाराज भला माणूस. ‘अस्मत्पितामहं मनेजरम्’ म्हणून ते पाणी सोडायला लावत आणि पणजोबांच्या जागी ‘यथानाम’ म्हणून पुढे सरकत. घरातली पोरं तोंड दाबून हसत. भैयालालजींना मात्र हसू येत नसे. जगाची पत्रं पोचवणाऱ्याच्या घरचं पाणी बिनपत्त्याचं जात होतं, आणि ते कोणाला मिळत होतं देव जाणे.

त्याचं असं झालं होतं. आपला आजा कापसाच्या मिलमध्ये मनेजर होता, हे निखाऱ्यांच्या घरात जो तो छाती फुगवून सांगे. कुठल्या मिलमध्ये, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. नागपूरकडच्या, एवढंच. पुढे तो आपल्या गावी, राजेगावला परत आला आणि तापानं गेला, तेव्हा त्याचा हिरालाल पाच वर्षांचा होता. आई हिरालालला गुरुजींच्या ओसरीवरच्या शाळेत घेऊन गेली. गुरुजींनी बापाचं नाव विचारलं. आता नवऱ्याचं नाव बाईनं घ्यावं कसं? ती पदर दातात धरून उभी राहिली. ओसरीवर टेकलेलं कोणीतरी म्हणालं, “लिवा ना, मनेजरचा पोरगा.” गुरुजींनी लिहिलं, ‘हिरालाल वल्द मनेजर’. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. मग तेच दाखल्यावर, तेच घराच्या कागदावर, तेच मतदारयादीत. एकदा कागदावर चढलेलं ब्रह्मदेवाच्या बापालाही उतरवता येत नाही. हिरालालच्या आईनं मरेपर्यंत तोंड उघडलं नाही, आणि खरं नाव तिच्याबरोबर गेलं.

अगदीच गेलं नव्हतं म्हणा. एका ठिकाणी ते अजून शिल्लक होतं, आणि ते ठिकाण भैयालालजींच्याच अंगणात खाटेवर सुपारी कातरत बसलेलं असायचं. ती त्यांची माय, शेवंताबाई. वय एक्क्याण्णव. मनेजर तिचा सासरा. ती लग्न होऊन आली तेव्हा त्याला जाऊन चौदा वर्षं झाली होती, पण नाव तिला माहीत होतं. आणि सासऱ्याचं नाव सून घेत नाही, मग सासरा हयात असो की नसो.

“वो माय, सांग ना एकडाव,” भैयालालजी गळ घालत.

“त्याइचं नाव मी घेऊ? जीभ झडन माही.”

“कानात सांग. कोनाले ऐकू नाही जात.”

“कान तुहा, पन जीभ तं माहीच ना?”

एकदा त्यांनी शक्कल लढवली. आपण एकेक नाव घ्यायचं, मायनं फक्त मान हलवायची. त्यांनी ‘शिवराम’ म्हणताच ती काठी घेऊन उठली आणि आत जाऊन दुपारभर बोलली नाही. गेल्या हिवाळ्यात छातीत कफ होऊन ती आठ दिवस दवाखान्यात होती. तिच्या उशाशी बसून भैयालालजींना दोन भीती एकदम वाटल्या. माय जाईल ही पहिली, आणि मायसोबत नावही जाईल ही दुसरी. दुसरीची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी ती कोणाला सांगितलीसुद्धा नाही.

माय घरी आली, आणि भैयालालजींनी ठरवलं की तिला त्रास द्यायचा नाही, आपणच शोधायचं. नात श्रुतिका नागपूरला शिकत होती. ती म्हणाली, “आबा, मॅनेजर थे तो अखबार में नाम आया ही होगा.” तिथल्या एका जुन्या वाचनालयात शंभर वर्षांपूर्वीच्या साप्ताहिकांच्या फायली होत्या. मग भैयालालजी पंधरा दिवसांनी एकदा राजेगाववरून गोंदियाला जात, तिथून गाडीनं नागपूर. पानं पापडासारखी मोडत, म्हणून ती पोस्टकार्डाच्या कडेनं उलटायची असं त्यांनीच वाचनालयवाल्यांना शिकवलं. वहीत त्यांनी पोस्टातल्यासारखे कप्पे आखले. हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, नागपूर. ज्या त्या गावच्या मिलचा मॅनेजर ज्या त्या कप्प्यात. साहेब लोक खोडायचे, पारशी खोडायचे. पावसाळा संपत आला तेव्हा वहीत एकच नाव उरलं.

एकोणीसशे एकतीस सालची बातमी होती, एका मिलच्या मॅनेजराच्या निरोपसमारंभाची. मॅनेजराचं नाव दामोदरपंत. आडनाव दिलेलं नव्हतं. नोकरी सोडून ते गावाकडे निघाले होते. साल जुळत होतं, गावाकडे जाणं जुळत होतं, आणि भैयालालजींना हे नाव पाहताक्षणी आवडलं.

“पर आबा, पंत हैं वो,” श्रुतिका म्हणाली. “अपने कोष्टी लोगों में पंत कहाँ होते हैं?”

“मनेजर झाल्यावर लागत असन,” भैयालालजी म्हणाले. हौसेला मोल नसतं, अन् गरजवंताला अक्कल नसते. आठ दिवसांत अर्ध्या वॉर्डाला कळलं की निखाऱ्यांचा आजा दामोदरपंत होता.

मनात मात्र धाकधूक होतीच. चुकीच्या नावानं पाणी सोडलं तर ते भलत्याच्याच दारात जाणार. शेवटी त्यांनी ठरवलं की मायला काही विचारायचंच नाही. श्रुतिका सुट्टीत आली की तिनं अंगणात बसून जुनी बातमी म्हणून ती वाचायची, आणि दामोदरपंतांच्या नावावर आपण मायचा चेहरा पाहायचा.

श्रुतिकाला मराठी वाचायची सवय नव्हती. मोबाइलवरचा फोटो मोठा करत, अडखळत तिनं सुरुवात केली. “मिलचे लोकप्रिय मॅनेजर दामोदरपंत यांस परवा निरोप देण्यात आला…”

भैयालालजी पुढे वाकले. शेवंताबाईनं अडकित्त्यानं सुपारी फोडली, खांड तोंडात टाकलं आणि म्हणाली, “मंग?”

“पानसुपारी झाली. तदनंतर साच्यावरील विणकर उरकुडा महागू याने स्वहस्ते विणलेला शेला साहेबांस अर्पण केला…”

अडकित्ता खाटेवर पडला. शेवंताबाईचा हात खांद्याकडे गेला आणि तिनं पदर डोक्यावर ओढला, कपाळाच्या पुढे, पार नाकापर्यंत. त्या घरात तिच्याहून मोठं कोणी उरलं नव्हतं. तीस वर्षांत तिनं कोणासाठी डोक्यावर पदर घेतला नव्हता.

“क्या हुआ, मोठी आई? थंडी लग रही है?”

“थांब,” भैयालालजी म्हणाले. “पुढचं वाच.”

“साहेबांनी गहिवरून आपल्या अंगातील कोट काढून त्याच्या खांद्यावर घातला.”

या ओळी भैयालालजींनी चार वेळा वाचल्या होत्या, आणि चारही वेळा त्यांची नजर मॅनेजर सोडून कोणावर थांबली नव्हती. आजा मनेजर नव्हताच. साच्यावर कापड विणणारा माणूस, आणि नावही उरकुडा. पोरं जगत नसली की नवं मूल उकिरड्यावर ठेवून उचलून आणत आणि असलं नाव ठेवत, म्हणजे यमालाही नको वाटावं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा त्यांना वाईटच वाटलं. दामोदरपंतांना ते गावभर मिरवून आले होते.

मग त्यांनी हळूच विचारलं, “माय, त्याइले मनेजर काहून म्हनत?”

पदराआडून उत्तर लगेच आलं. “कोट होता ना! सासू सांगे. मिलमधून आले तं कोट घालूनच आले. बजारात कोट, वावरात कोट. लोक म्हनत, आला पाह्य मनेजर.”

“हे तुले माहीत होतं? मंग मले सांगितलं काहून नाही वो?”

“तू इचारलं का कदी? तू तं नावच इचारत राह्यला. कोटाचं इचारलं असतं तं सांगितलं असतं.”

श्रुतिका हसता हसता खाटेवरून घसरली. छत्तीस वर्षं टपाल वाटलेला पोस्टमन, आणि विचारपूस चुकीच्या दारात करत बसला होता. भैयालालजींनाही मग हसू फुटलं. साहेबाचा कोट घालून वावरात जाणारा तो आजा त्यांना एकाएकी फार आवडला. दामोदरपंतांवर त्यांना एवढी माया कधी वाटली नव्हती.

पंधरा दिवसांनी तिथी आली. महाराजांनी परात मांडली. शेवंताबाईनं आपली खाट ओढून जवळ घ्यायला लावली आणि पदर घेऊन बसली.

“दादाजी का नाम? वही मनेजर ना?” महाराजांनी सवयीनं विचारलं.

“नाही महाराज. उरकुडा.” भैयालालजींचा आवाज बारीक झाला होता. “अन् त्याइचे वडील महागू.”

महाराजांनी मान वर करून पाहिलं आणि मंत्र सुरू केला. भैयालालजींनी ओंजळीत पाणी घेतलं.

“भैया,” मागून शेवंताबाई म्हणाली, “मले कमी ऐकू येते. जोरानं म्हन.”

“काय म्हनू, माय?”

“तेच. नाव.” तिनं पदर आणखी पुढे ओढला. “लग्नाच्या आदल्या दिवशी माह्या बापानं कानात एकडाव सांगितलं होतं. म्हने, ध्यानात ठेव पोरी, अन् तोंडातून काढू नको. ठेवलं. तवापासून कोनाच्या तोंडून ऐकलं नव्हतं मी. लय वर्सं झाले रे. मले रोज वाटे, मी मेली का हे माह्यासंगंच जळन. मंग त्याइले हाका कोन मारन? अन् सांगता तं येत नव्हतं मले.”

इतकी वर्षं भैयालालजींना वाटत होतं की माय हट्टी आहे. ती त्यांच्याइतकीच घाबरलेली होती, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

त्यांनी साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हटलं, “उरकुडा!”

“आनखी एकडाव.”

“उरकुडा!”

महाराजांचा मंत्र थांबला होता. म्हातारीनं हातानं पुन्हा खूण केली. तिसऱ्या वेळी भैयालालजींचा आवाज फुटला, पण नाव त्यांनी पुरतं घेतलं आणि पाणी सोडलं.