न उघडलेला चार्जर

दसरा झाला की आमच्या सांगलीच्या सर्व्हिस सेंटरवर हमखास रांग लागते. खंडेनवमीला लोक हत्यारं-अवजारं पूजतात, आणि पूजेआधी धुतात. विळा-कोयता धुवावा, कोण नको म्हणतंय? पण आमची माणसं भक्तीच्या भरात पंपाच्या मोटारीचा स्टार्टरसुद्धा बादलीत बुडवतील! मग तो बंद पडला की वॉरंटीचं कार्ड घेऊन हजर. "आपोआपच बंद पडला ओ, ताई."

मी तिथं काउंटरवर बसते. बोटीच्या बॅटऱ्यांचे चार्जर, त्यांच्या तक्रारी, फोन, सगळं माझ्याकडं. कृष्णेला पूर येतो म्हणून इथल्या नदीकाठच्या गावांनी बोटी घेऊन ठेवल्यात, आणि वर साताऱ्याकडं कोयना धरणाच्या फुगवट्यावर तर बोटीशिवाय पान हलत नाही. खोटं बोलणारं गिऱ्हाईक मी दारातच ओळखते, अशी माझी ख्याती होती. ख्याती कसली, मस्तीच ती.

एका वर्षी कोयनेच्या पलीकडच्या काठावरून एक काका आले. फौजेतून निवृत्त, ताठ, तीन एसट्या बदलून आलेले. चार्जर टॉवेलात गुंडाळलेला. टॉवेल सोडला, तर वर हळदीकुंकवाची बोटं.

"धुतलाय ना?" मी विचारलं.

"न्हाई ओ ताई. आमच्या मंडळींनी ओल्या फडक्यानं वरनं पुसला, बास. त्याच्या आदीपासनंच त्यो लय तापत हुता."

"सगळे असंच सांगतात, काका."

"आवं, सून नवव्या म्हैन्यात हाय. आमच्या गावाला रस्ता न्हाई. दवाखान्यात न्यायचं तर बोटच. बॅटरी भरली न्हाई तर इंजिन सुरू हुत न्हाई. उघडून तरी बगा."

उघडायला अर्धा तास लागला असता. मेकॅनिक जेवायला गेला होता, रांग पार दारापर्यंत, आणि माझा माझ्या हुशारीवर केवढा भरवसा! मी फॉर्मवर लिहिलं, 'आत पाणी गेल्याने बिघाड. वॉरंटी लागू नाही,' आणि शिक्का मारला. काकांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "बिगाडल्यालं वझं परत कशाला न्यू?" म्हणाले आणि चार्जर तिथंच सोडून गेले. भांडले असते तर बरं झालं असतं.

संक्रांतीच्या सुमाराला मेकॅनिकला दुसऱ्या चार्जरसाठी एक सुटा भाग हवा होता. त्यानं फळीवरचा काकांचा चार्जर खोलला आणि मला हाक मारली. आत पाण्याचा टिपूस गेल्याची खूण नव्हती. कारखान्यातच एक तार नीट जोडलेली नव्हती, ती तापून तापून सुटली होती.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की ओ तुम्ही," तो हसत म्हणाला.

तरी फोन करायला मी चार दिवस लावले. सांगायला लाज वाटते. पहिल्या दिवशी काम होतं, बाकीचे तीन दिवस नुसती भीती. शेवटी केला. काकांनी उचलल्यावर मी आधी विचारलं, "सूनबाई बऱ्या आहेत ना?"

"बरी हाय. नातू झाला," ते म्हणाले. मग थांबून थांबून सगळं सांगितलं. बॅटरी ते दुसऱ्या गावातून भरून आणायचे, ती निम्मीच भरायची. सुनेला घेऊन निघाले आणि पाण्याच्या मध्यावर इंजिन बंद पडलं, ते पुन्हा सुरू झालंच नाही. बाप-लेकांनी वल्ही मारली. बाळ बोटीतच झालं, निळं पडलं. साताऱ्याला बारा दिवस काचेच्या पेटीत होतं.

"आता पोरगं झ्याक हाय. पर घरात इस्कोट झालाय, ताई. तुमचा कागद पोरानं वाचला. आईनं चार्जरात पाणी घातलं म्हनून बोट बंद पडली, असं धरून बसल्यात दोघं. सून बाळाला हिच्या मांडीवर देत न्हाई."

ज्या बाईला मी कधी बघितलंही नव्हतं, तिला मी माझ्या अक्षरात गुन्हेगार ठरवलं होतं, वर शिक्काही मारला होता.

"काका, पाणी गेलंच नव्हतं," मी म्हणाले. "मी उघडून बघितलं नव्हतं. चूक कारखान्याची होती, आणि त्याहून मोठी माझी. नवा चार्जर मी स्वतः घेऊन येते."

"चार्जर ईल तवा ईल. आदी हे हिला सांगा."

फोन हातातून हातात गेला. म्हातारीला मी तेच सांगितलं. मग ती म्हणाली, "म्हंजी मी न्हवं व्हय, बाई?"

"तुम्ही नव्हे, आजी. मी."

"मग सुनंला सांगा. माजं कोन ऐकत न्हाई."

सुनेलाही मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. माझं संपल्यावर तिचा आवाज आला.

"तीन म्हैनं मी आत्तींना पोराला शिवू दिलं न्हाई. आन तुमी आता सांगताय व्हय?"