देवासाठी जड इंग्रजी

ओहोटी लागली की अंजूरच्या खाडीतल्या चिखलाचा वास, मधल्या गोदामांना न जुमानता, अजून खिडकीतून आत येतो. आज तो आला तेव्हा मी एका इंग्रजी लेखाशी झगडत होते. पृथ्वीवर जीव कसा आला आणि त्यात देव कुठे, असा विषय. पहिलंच वाक्य पुन्हा खोडलं आणि नववीतली एक संध्याकाळ आठवली.

शाळेच्या कार्यक्रमासाठी याच विषयावर मी इंग्रजी भाषण लिहिलं होतं. पहिलं वाक्य सोपं होतं: देवाने पहिला जीव चिखलात घडवला. बाबांना अर्थ सांगितला, तर ते वैतागले. "एवरंच? अगो, देवाचा हाय ना? भटजी बोलतो त्यातला कुनाला काय कलतं का? तसा पायजे!"

मग डिक्शनरी आली. चिखल गेला आणि असले लांबलचक शब्द आले की माझीच जीभ अडखळायची.

कार्यक्रमात मी ते वाचलं. पुढे बसलेल्या बायकांना एक अक्षर कळलं नाही. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. बाबा तर डोळे मिटून उभेच राहिले. तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

आता नुसता राग येतो. नोकरीत कापडवाल्यांची इंग्रजी पत्रं मी दिवसभर सरळ, साधी लिहिते. पण 'गॉड' लिहिलं की बाबा डोळे मिटून, हात जोडून समोर उभे राहतात, आणि त्यांच्यासमोर मला चिखल लिहवत नाही.