जागेवर नसलेल्या सेन्सरचा अलार्म

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचते, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. मी मेकॅनिकल इंजिनिअर, राहणार कसबा पेठ. आमच्याकडे मांजर आडवं गेलं तर मांजरालाच बाजूला करून पुढे जातात. त्यामुळे असलं काही लिहायची वेळ माझ्यावर येईल, असं वाटलं नव्हतं...

विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्यापासून थोडं आत मटार गोठवण्याचा एक कारखाना आहे. नाव देत नाही. तिथल्या चिलरची, म्हणजे पाणी गार करणाऱ्या मोठ्या मशीनची जबाबदारी माझ्यावर आणि मिलिंदवर होती. आम्ही एकाच वर्षी लागलो, त्यामुळे अरे-तुरेतलं नातं. हे मशीन अमोनियावर चालतं. अमोनिया गळला तर डोळे आणि फुप्फुसं दोन्ही धोक्यात. म्हणून मशीनच्या खोलीत गॅस ओळखणारा सेन्सर असतो. त्याला जरा जरी वास लागला तरी भोंगा वाजतो आणि मशीन आपोआप बंद पडतं.

त्या आठवड्यात हा सेन्सर तपासणीसाठी बाहेर पाठवला होता. भिंतीवर नुसती रिकामी पट्टी, तारांच्या टोकांना टेप, आणि पॅनलमध्ये तो अलार्म मीच बंद केलेला. तोवर हातातल्या मीटरनं गॅस बघायचा, असं ठरलं होतं.

हिवाळ्यातली दुपार. सासवडचा मटार ट्रक भरभरून येत होता. मशीनच्या तळाशी साचलेलं तेल काढायचं काम माझं होतं. मी गॉगल, हातमोजे घातले आणि दाराच्या कडीला हात लावला... तोच भोंगा वाजला आणि मशीन बंद. पॅनलवर लाल अक्षरं — गॅस गळती, शटडाऊन.

मी मीटर घेऊन आत फिरवला. शून्य. रीसेट केलं, मशीन सुरू झालं. पुन्हा दाराकडे गेले — पुन्हा भोंगा, पुन्हा तीच अक्षरं. मिलिंदनं येऊन तारा पाहिल्या. सुट्या होत्या, टेप जशीच्या तशी.

"जो सेन्सर इथे नाहीच, तो बोलतोय कसा?" मी म्हणाले.

"बाहेरगावाहून फोन करत असेल," मिलिंद म्हणाला.

तिसऱ्यांदा मी कडीला हात लावला आणि भोंगा वाजायच्या आधीच मला कळलं, की तो वाजणार. कसं कळलं ते सांगता येत नाही. आत जाऊ नकोस, असं कुणीतरी अगदी शांतपणे सांगावं, तसं वाटलं. आणि भोंगा वाजला.

खाली मटार उकळत्या पाण्यातून निघत होते आणि गार पाणी मिळत नव्हतं. सुपरवायझर ओरडत होता. मिलिंदनं माझ्या हातातला पाना घेतला. "तुझं नि मशीनचं भांडण झालेलं दिसतंय. मी जातो."

मी म्हणायला हवं होतं, थांब. आज तेल राहू दे. पण कारण काय सांगणार? मला कसंतरी होतंय? मी, जी वास्तुदोष म्हणणाऱ्यांची रोज खिल्ली उडवायची... मी "बरं" म्हणाले. आणि तो आत गेला तेव्हा मला हायसं वाटलं. हे मी कितीतरी महिने कुणाला सांगितलं नाही.

तो आत गेला. भोंगा वाजला नाही.

मी काचेतून बघत होते. गॉगलवर वाफ धरली म्हणून त्यानं तो क्षणभर कपाळावर सरकवला. त्याच वेळी तेलाचा व्हॉल्व्ह उघडा राहून अडकला आणि अमोनियाचा पांढरा लोट थेट त्याच्या तोंडावर आला. पॅनल गप्पच होतं. इमर्जन्सीचं बटण मी दाबलं, श्वासाचा मास्क चढवला आणि त्याला बगलेत धरून बाहेर ओढलं. सेफ्टी शॉवरखाली त्याचा चेहरा धरून ठेवला. तो एकच विचारत होता, "वैशाली, दिवे गेले का गं?"

मिलिंद वाचला. उजव्या डोळ्यानं आता त्याला दिसत नाही.

मशीनच्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर येऊन गेला. पॅनल, तारा, सगळं तपासलं. "मॅडम, हा अलार्म येऊच शकत नाही," एवढंच म्हणाला. पण भोंगा मी एकटीनं ऐकला नव्हता. खालच्या सगळ्यांनी ऐकला होता, तिन्ही वेळा.

बऱ्याच महिन्यांनी मी कात्रजला मिलिंदच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. ते हायसं वाटणंसुद्धा.

तो म्हणाला, "तू थांब म्हणाली असतीस, तरी मी गेलो असतो. वर वर्षभर तुला चिडवलं असतं."

त्याची बायको आरती चहा घेऊन आली होती. कप माझ्यासमोर ठेवत ती म्हणाली, "तुम्ही मला फोन करायचा होता, ताई. मी नसतं जाऊ दिलं."

आवाजात राग नव्हता. मी चहा प्यायले, तो कसा होता ते आठवत नाही.

तो अलार्म कुठून आला, मला कळलेलं नाही. मिलिंद आत गेल्यावर तो गप्प का बसला, हेही नाही. मी गप्प का बसले, ते मात्र मला माहीत आहे.