चौदा विहिरींची वही

"माय, एक मिनिट थांबा. उपसू नका."

भल्या सकाळी विहिरीवर घागर घेऊन आलेल्या बाईला असं सांगणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? तोही दुष्काळात? आमच्या गावात एक होता. डावा हात कठड्यावर टेकवायचा, उजव्या हाताने दोरी सोडायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. दोरीच्या टोकाला त्याच्या वडिलांच्या दुकानातलं जुनं लोखंडी पावशेर बांधलेलं होतं. किलोची वजनं आल्यावर ते निकामी झालं होतं. पावशेर पाण्याला टेकलं की बारीक आवाज यायचा. मग तो दोरीच्या गाठी मोजायचा, आणि पावशेर तळाला टेकवून पाणी किती फूट उरलं तेही. फुटाला एक गाठ, दहा फुटांना लाल चिंधी. वहीत आकडा लिहून झाला की म्हणायचा, "हं, भरा आता."

बाया त्याला विहिरीचा जावई म्हणत. "आला बघा जावई. पाय धुवायला पाणी मागतोय का काय!"

"न्हाई मावशी, सासूबाईची तब्येत बघून राहिलो," तो म्हणायचा.

बाया हसायच्या, शिव्याही घालायच्या, पण थांबायच्या.

ही वही शाळेत सुरू झाली. मोठा दुष्काळ पडला त्या साली आम्ही दोघं अहमदपूरच्या शाळेत मॅट्रिकला होतो. गाव तिथून सहा मैलांवर. विज्ञानाच्या सरांनी सांगितलं, प्रदर्शनासाठी ज्याने त्याने स्वतःच्या डोक्याने काहीतरी करा. मी विजेची घंटा केली. त्याने गावच्या चौदा विहिरी निवडल्या आणि दर पुनवेला आणि दर आवसेला पहाटे त्यांचं पाणी मोजायला लागला. तारखा विसरतात, पुनव-आवस विसरत नाही, असं त्याचं म्हणणं. प्रदर्शनात परीक्षकांनी वही उलटीपालटी केली आणि विचारलं, "यात हलतं काय?"

"पाणी हलतं सर," तो म्हणाला. "खाली."

बक्षीस माझ्या घंटेला मिळालं. पुढच्या महिन्यात ती बंद पडली. त्याची वही चालूच राहिली.

भूगर्भशास्त्र हा शब्द मी त्याच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. नांदेडला जायचं, सायन्सला नाव घालायचं, जमिनीच्या पोटात पाणी कुठून कुठे जातं ते शिकायचं, असं त्याने ठरवलं होतं. त्याच्या नादाने मीही तेच म्हणू लागलो. फॉर्म आम्ही एकाच दिवशी भरले. जायच्या आधी पंधरा दिवस त्याच्या अप्पांना अर्धांगवायू झाला. दुकान उघडायला घरात दुसरं कोणी नव्हतं. नांदेडला मी एकटा गेलो. त्याने अहमदपूरच्या कॉलेजात इतिहास घेतला; सकाळी वर्ग, दुपारी दुकान.

दिवाळीत मी गावी आलो तर हा पहाटे दोरी खांद्यावर टाकून निघालेला. मी म्हटलं, "अरे, आता तू इतिहासाचा. कामून करून राहिलास हे?"

"इहिरीला कुठं ठाऊक हाय मी काय शिकतो ते?" तो म्हणाला, आणि चालू लागला.

त्या कामासाठी त्याला मार्क मिळणार नव्हते, पदवी नाही, शाबासकीही नाही. वही मागायला कोणी सरही नव्हते. तरी तो आपणहून वर्गात असल्यासारखा वक्तशीर होता. तापात गेला. बहिणीच्या लग्नाच्या दिवशी हळदीच्या अंगाने गेला. कुठली विहीर कोरडी पडली तर तिथे रेघ न मारता 'कोरडी' असा पूर्ण शब्द लिहायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "रेघ मारली की वाटतं आपण गेलोच न्हाई."

आता मला माझं सांगायला हवं. इतकी वर्षं टाळलं आहे.

पुढे दुकान बंद झालं, आणि शाळेत मास्तर व्हायचं तर बी.एड. पाहिजे म्हणून तो एका वर्षासाठी लातूरला गेला. मी तोवर जिऑलॉजीचा पदवीधर होऊन नांदेडला एका खासगी कचेरीत हंगामी कारकून होतो. जाताना त्याने दोरी आणि वही माझ्या हातात दिली. "तुझ्याइतका लायक माणूस न्हाई याला. तू तर शिकलेला," म्हणाला. महिन्यातून दोनदा नांदेडहून एस.टी.ने अहमदपूर, तिथून गाव, रात्री मुक्काम, पहाटे विहिरी. मी हो म्हटलं.

चार वेळा गेलो. पाचव्या वेळी एस.टी. चुकली. सहाव्या वेळी दाढ दुखत होती. सातव्या वेळी काहीच नव्हतं, मी फक्त गेलो नाही.

वही मात्र रिकामी ठेवली नाही. नांदेडच्या खोलीवर बसून मी आकडे लिहिले. पावसाळा संपल्यावर पाणी किती उतरतं, उन्हाळ्यात किती, हे मला पुस्तकातून माहीत होतं. प्रत्येक विहिरीला बेताबेताने खाली नेलं, कुठे दोन फूट, कुठे तीन. अडाणी माणसाने लिहिलं असतं तर लगेच पकडलं गेलं असतं. खोटं लिहायला माझं शिक्षण कामाला आलं. ते साल मोठ्या दुष्काळानंतरचं सर्वांत कोरडं साल होतं.

तो परत आला, वही चाळली आणि माझा खांदा दाबला. "एक पुनव चुकवली न्हाईस गड्या," म्हणाला. मी खाली बघितलं. त्याला वाटलं, मी लाजलो.

मग लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या नव्या, खुर्च्या नव्या, आणि त्यातल्या पाण्याच्या कचेरीत मीही नवा. आमच्या गावाला पिण्याच्या पाण्याची विहीर मंजूर झाली. एकच विहीर. ती देवळामागे खोदायची की ओढ्यापलीकडे, एवढाच प्रश्न होता. जिथे विहीर तिथून नळाने पाणी गावात येणार. चुकलं तर गावाला पुन्हा घागर.

आमचे साहेब पाहणीला आले, मी त्यांच्याबरोबर. तालुक्यात कुठेच जुनी नोंद नव्हती. त्याने कापडात बांधलेली वही आणली. साहेबांनी पहिलं पान उघडलं आणि उन्हातच उभे राहिले. "हे कोणी केलं?"

"शाळेतलं काम हाय साहेब. संपलं न्हाई अजून."

मोठ्या दुष्काळानंतर दोन्ही जागच्या जुन्या विहिरी सुरुंग लावून खोल केल्या होत्या, म्हणून आधीचे आकडे साहेबांनी बाजूला ठेवले. मग म्हणाले, "पावसाळ्यात सगळ्याच भरतात. सर्वांत कोरड्या सालात कोणती टिकली ते दाखवा." आणि त्यांचं बोट फिरत फिरत माझ्या सालावर येऊन थांबलं. देवळामागची विहीर, वैशाखातली पुनव, सहा फूट पाणी; ओढ्यापलीकडे त्याहून कमी. ते मी लिहिलं होतं. नांदेडला, चहा पिता पिता.

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. विहिरीवर त्याला सर्वांत जास्त बोलणारी हीच. "साहेब, त्या साली देवळामागची आटली व्हती. मी सोता पोहरा खरडून काढलाय. गाळ आला व्हता गाळ."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत शंका असती तर मला बोलता आलं असतं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. शंका नव्हती. अभिमान होता.

"मावशी, दुसऱ्या कुठल्या साली आटली आसंल," तो मऊ आवाजात म्हणाला. "लिहिलेलं हाय. आन् ह्यानं लिहिलंय. जिऑलॉजीवाला हाय आपला."

म्हातारी माझ्याकडे वळली. "हाव का रं? बघितलं व्हतंस तू?"

साहेब, सरपंच, तो, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मान हलवली. तोंडाने हो सुद्धा म्हटलं नाही.

विहीर देवळामागे झाली. नारळ फुटला, नळाला पाणी आलं, त्याच्या गळ्यात हार घातला गेला. पहिला उन्हाळा निभावला. दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि होळीच्या आतच नळातून वारा यायला लागला. ओढ्यापलीकडची जुनी विहीर मात्र टिकली होती. गावच्या बाया अर्धा कोस जाऊन तिथून पाणी आणू लागल्या.

एका रविवारी तो लातूरला माझ्या खोलीवर आला. बसला नाही. टेबलावर आलेखाचा कागद पसरला. चौदा विहिरींच्या चौदा रेघा त्याने वेगवेगळ्या शाईने काढल्या होत्या. सगळ्या सालांत त्या एकमेकींना छेदत वेड्यावाकड्या गेल्या होत्या. फक्त एका सालात चौदाही एकीखाली एक, नीट उतरत होत्या.

"तुझ्या साली सगळ्या भावंडांवाणी चालल्यात," तो म्हणाला. "इहिरी अशा नसतात रे. गेला व्हतास का तू?"

"चार वेळा," मी म्हणालो.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने वही उघडली, माझ्याच टेबलावरचा पेन माझ्या हातात दिला. "खोड. तुझ्या हातानं. मी खोडणार न्हाई." मी एकेक आकडा खोडला आणि त्याने सांगितल्याप्रमाणे प्रत्येक ठिकाणी 'गेलो नाही' असं लिहिलं. किती वेळ लागला सांगता येत नाही. तो खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून उभा होता. शेवटी म्हणाला, "सोमवारी चावडीवर गावाला सांगू. ओढ्यापलीकडच्या इहिरीसाठी नवा अर्ज करावा लागंल. तू ये. सरकारी माणसानं सांगितलं तर अर्ज लवकर हालंल."

"येतो," मी म्हणालो.

सोमवारी मी निघालो, हे खरं आहे. अहमदपूरच्या स्टँडवर उतरलो. गावची गाडी समोर लागलेली होती. ओळखीचे दोघेतिघे त्यात बसलेले. कंडक्टरने दोनदा हाक मारली. मी बाकावरून उठलो नाही. नोकरी कायम व्हायची होती, एवढंच डोक्यात होतं. गाडी गेली. मी लातूरची गाडी धरली.

चावडीवर काय झालं ते मला आठ दिवसांनी भावाकडून कळलं. तो बराच वेळ रस्त्याकडे बघत थांबला. मग उभा राहून म्हणाला, "त्या सालाची नोंद चुकीची हाय. वही माझी, चूक माझी." माझं नाव त्याने घेतलं नाही. म्हातारी सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या डोक्यातलं खरं निघालं, तुझ्या वहीतलं खोटं. साहेबापुढं मला खोटं पाडलंस ना तू?" तो तिच्या पाया पडला. कोणीतरी विचारलं, हार परत करणार का? लोक हसले म्हणे.

नव्या विहिरीचा अर्ज मंजूर व्हायला चार उन्हाळे गेले. तो अर्ज आमच्याच कचेरीत होता. मी तो पुढे सरकवण्यासाठी जमेल ते केलं, पण कारण कधी लिहिलं नाही.

त्यानंतर तो मला स्टँडवर, बाजारात भेटायचा. आधी अरे-तुरे होतं. आता म्हणायचा, "काय साहेब, बरं हाय ना?" तेवढंच. त्याच्या आवाजात राग मी पुष्कळ शोधला.

मधल्या वर्षांत माझी बदली पुन्हा नांदेडला झाली, तिथून इस्लापूरकडे. तो गेल्याचं मला तेराव्यानंतर कळलं. शाळेत शिकवता शिकवता छातीत कळ आली. मी यंदा उन्हाळ्यात गावी गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो. म्हातारी केव्हाच गेलेली. चावडीच्या जागी ग्रामपंचायतीची इमारत. तिथे बसलेल्या पोरसवदा सदस्यांना मी सांगायला सुरुवात केली तर त्यांनी अदबीने ऐकलं आणि विचारलं, "काका, तुमचं काही काम होतं का?"

मग मी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी ओळखलं. तांब्या-फुलपात्र पुढे ठेवलं आणि भिंतीला टेकून बसल्या. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. नांदेडची खोली, देवळामागची विहीर, स्टँडवरचा बाक.

ऐकून म्हणाल्या, "नळ आटला त्या उन्हाळ्यात मला थोरल्याचा सहावा महिना होता. डोक्यावर दोन घागरी, अन् ओढ्यात ते गोटे. हे रोज मागं मागं यायचे. मी म्हणायचे, लोक हसतात, मास्तर बाईच्या मागं कशाला? तर तिसरी घागर स्वतःच्या डोक्यावर घ्यायचे. चार वर्षं घेतली." पदर सावरत म्हणाल्या, "मला वाटायचं, माझ्यासाठी."

वहिनी तांब्याकडे बघत होत्या. मी अजून पाण्याला हात लावला नव्हता.

"प्या," त्या म्हणाल्या. "उन्हातून आलात."

मी फुलपात्र भरलं आणि सगळं प्यायलो. संपेपर्यंत त्या माझ्याकडे बघत राहिल्या.