जीपचं तेल कुठून गळतं

तेल गळतंय हे कळायला शहाणपण लागत नाही, खाली डाग दिसतो. कुठून गळतंय हे शोधायला थोडं डोकं लागतं. पण का गळतंय हे कळेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्याचा परिणाम म्हणा किंवा जन्माची खोड म्हणा.

जीप माझ्या सासऱ्यांची. आम्ही त्यांना आबा म्हणतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण दर गुरुवारी स्वतः गाडी चालवत मुळशीला जातात. तिथे धरणाजवळ त्यांची थोरली बहीण राहते. दोघं दुपारी बरोबर जेवतात आणि दिवस मावळायच्या आत आबा परत येतात. एवढ्या एका कामासाठी ती जुनी डिझेल जीप जांबे गावात आमच्या अंगणात उभी असायची, आणि आबा रोज सकाळी ती थोडा वेळ चालू करून ठेवायचे.

वरच्या खोल्या भाड्याने दिल्यावर आम्ही अंगणात सिमेंटचे ब्लॉक बसवले. त्या नव्याकोऱ्या ब्लॉकवर जीपखाली रोज रुपयाएवढा काळा डाग! रोज सकाळी सोडा आणि घासणी घेऊन मी खाली बसायची. घासताना तोंडही चालू असायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. आबा ओट्यावर बसून मुकाट्याने ऐकायचे.

उन्हाळा लागता लागता एक नवल झालं. डाग पडायचा थांबला. आठवडाभर ब्लॉक कोरडे ठणठणीत. देव पावला म्हणून मी गप्प बसले. नंतर डाग परत आला, तो ताटाएवढा होऊन.

घोटावड्याहून मिस्त्री आला. इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाखालचं पॅकिंग गेलंय म्हणाला आणि नवं घातलं. चार दिवसांत गळती पुन्हा सुरू. मग खालच्या तेलाच्या चेंबरचं पॅकिंग बदललं. तरी तेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार. शेवटी तो म्हणाला, "बाई, आता इंजन खोलाय लागंल. जुनी गाडी हाय, गळायचीच."

"जुनी तर ती गेल्या वर्षीही होती," मी म्हटलं. "मग थेंबाचं ताट आत्ताच का झालं?"

तो नुसता हसला. मला हसणाऱ्या उत्तराचा भारी राग येतो.

माझ्या नवऱ्याने मात्र निकाल लावून टाकला. "रस्त्यात तेल संपून इंजिन जाम झालं तर आबा एकटे काय करतील? विकून टाकू." गिऱ्हाईकही ठरवलं, रविवारी येणार होतं. आबा एवढंच म्हणाले, "बरं." आणि थोड्या वेळाने मला विचारलं, "पौडवरनं म्होरं जायाला यष्टी किती वाजता आस्ती गं?" दोन गाड्या बदलून हा माणूस किती गुरुवार जाईल? चार? पाच?

शनिवारी मी पदर खोचला. ब्रश आणि डिझेल घेऊन इंजिन घासून पुसून स्वच्छ केलं, वाळू दिलं आणि वरून अंगाला लावायची पावडर भुरभुरली. तेल जिथून येईल तिथे पावडर आधी ओली होणार, हा साधा हिशोब.

"इंजनाला पावडर?" आबा म्हणाले. "लगीन हाय का काय त्येचं?"

"नवरीला फिरवून आणा," मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी बसले. हिंजवडीच्या रस्त्याने जाऊन आलो. बॉनेट उघडलं, तर पावडर एका जागी नाही, तीन जागी ओली. आणि तेल मोजायची पट्टी नळीतून दोन बोटं वर आलेली! मी निघताना ती अंगठ्याने दाबून बसवली होती.

"सैल झाली आसंल," आबा म्हणाले.

मी पट्टी पुन्हा दाबली आणि इंजिन चालू करायला लावलं. पाहता पाहता ती वर सरकली. मला काय आनंद झाला सांगू! म्हणजे तेल नुसतं गळत नव्हतं, आतून कोणीतरी ते ढकलत होतं. मी तेल ओतायचं झाकण जरा सैल केलं. फस्स करून हवा सुटली आणि गळती मंदावली. कुकरच्या शिट्टीत भाताचं शीत अडकलं की वाफ रिंगेतून निघते, तसंच हे. मग इंजिनाची शिट्टी कुठाय?

इंजिनाच्या कुशीतून अंगठ्याएवढी एक नळी खाली जात होती. गोणपाट टाकून मी जीपखाली सरकले, नळीच्या तोंडात बोट घातलं. बोटाला कापड लागलं. ओढलं, तर वीतभर काळा बोळा बाहेर आला. धोतराचा काठ मी लगेच ओळखला, कारण आबांची धोतरं मीच धुते.

बाहेर येऊन बघते, तर आबा शेजारच्या नारळाकडे बघत होते.

"इंजिनाला श्वास सोडायला ही नळी लागते आबा," मी म्हटलं. "यातून एखादा थेंब पडणारच. पूर्वीचा डाग याच थेंबाचा. नळी बंद झाली तसा डाग थांबला, पण मग आतली हवा तेलाला घेऊन मिळेल तिथून निघाली." बोळ्याबद्दल मी काही विचारलं नाही. माझ्या तोंडाला भिऊन त्यांनी हे केलं, हे उघड होतं. मला कसंतरीच झालं.

संध्याकाळी नवरा आला. खरं सांगावं, तर आबांनी इंजिनात चिंध्या कोंबल्या म्हणून तो किल्लीच काढून घेणार. मी म्हटलं, "गळतीचं कारण सापडलं, नळीत बोळा होता. तो मीच कोंबला होता. डाग पडतो म्हणून."

"तू? विज्ञानाच्या बाईंनी?"

"ती खोटं बोलतीया," ओट्यावरून आबा म्हणाले. "म्या कोंबला. मोटार इकायची तर इक, पन तिच्या माथी मारू नगं."

"अहो आबा, पण कशाला?"

"कशाला म्हंजी? रोज डाग घासाय बसती. उठताना भिंतीला धरून उठती. गुडघं गेल्यात तिचं. तुला दिसत न्हाई, मी हितं बसून रोज बघतुया. म्हनलं, तेवढा थेंब तरी बंद व्हावा."

मग नवऱ्याने मला विचारलं, "गुडघे एवढे दुखतात?" मी होकाराची मान हलवली. त्याने फोन काढला आणि गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून सांगितलं.

मी उठून आत गेले. आबा माझ्या जिभेला भितात असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, आणि मनातून मला ते आवडतही होतं. ते मात्र तोंड सोडणाऱ्या बाईचे गुडघे बघत बसले होते. मला माझी लाज वाटली. आणि खोटं कशाला बोलू, लाजेपेक्षा जास्त बरं वाटलं.