डाव्याचा उजवा पाय

गल्लीतले सगळे तिला वहिनीच म्हणत. खरं तर ती एकाच बाईची वहिनी, थोरल्या नणंदेची, म्हणजे ताईंची. पण ताईंचा आवाज असा खणखणीत, की त्यांनी दुकानातून हाक मारली की चार घरं ओ देत. तेच नाव पडलं.

ताई जोडे बनवत. ज्यांचे पाय बाजारच्या मापात बसत नाहीत त्यांचे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं यंत्रात गेलेली. प्रत्येकाच्या पायाचा आराखडा त्यांनी वर्षानुवर्षं एका जुन्या प्रोग्रॅममध्ये काढून ठेवला होता. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. दाद मागायला चपला झिजवाव्यात, तर तिथे दारच उरलं नव्हतं. आणि आता जुना कॉम्प्युटर सुरू होतानाच कण्हायला लागला होता.

वहिनी दुकानाच्या वरच राहायची आणि घरून प्रोग्रॅम लिहायची. ताईंसाठी तिनं एक नवा करून दिला होता. एक पाय म्हणजे एक फाइल. उघडा, रेषा ओढा, सेव्ह करा, कातडं कापणाऱ्या मशीनला पाठवा. ताईंना तो आवडलाही होता. पण जुन्या फाइली त्याला वाचता येत नव्हत्या.

"म्हणजे सगळ्यांना परत बोलावून पाय मागू?" ताई म्हणाल्या. "गाण्याच्या बाई आता काठीशिवाय जिना उतरत नाहीत. माप घ्यायला तासभर उभं कसं करू त्यांना?"

"नका बोलावू. मी मेनूत इम्पोर्ट घालते. जुनी फाइल दाखवायची, ती नव्यात येईल."

"आपोआप?"

"आपोआप काही येत नाही, ताई. मला आणावी लागेल."

जुनी फाइल उघडली तर आत आकड्यांचा नुसता लगदा. मग वहिनीनं जुन्या कॉम्प्युटरवर एक चौकोन काढून सेव्ह केला. तोच जरा उजवीकडे सरकवून पुन्हा सेव्ह केला. दोन्ही फाइली शेजारी ठेवून कुठला आकडा हलला ते शोधलं. मग गोल. मग कमान. नवरा जेवायला हाका मारून थकला आणि मागे येऊन उभा राहिला.

"बालवाडीतली पोरं याहून बरी चित्रं काढतात," तो म्हणाला.

"त्यांना ती उलगडायची नसतात," ती म्हणाली, आणि मान वर न करता पुढचा गोल काढला.

आकडे हळूहळू बोलायला लागले. पहिल्या चाचणीला तिनं ताईंना वर बोलावलं. ताईंनी गाण्याच्या बाईंचा डावा पाय निवडला. पाय आला खरा, पण टाच वर, बोटं खाली, आणि अंगठा भलत्याच बाजूला.

"बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे," ताई म्हणाल्या. "तुझ्या बाळाचा डावा उजवा दिसतोय."

दोघी पोट धरून हसल्या. जुना प्रोग्रॅम खालून वर मोजायचा, नवा वरून खाली. एवढीच गोम होती. वहिनीनं ती तिथल्या तिथे काढली.

दुसरा फटका मात्र हसण्यासारखा नव्हता. ताई खाली पोस्टमनचा नवा पाय काढत होत्या, तो अजून सेव्ह व्हायचा होता. त्यांनी सहज इम्पोर्ट दाबलं. जुना पाय आला तो त्याच खिडकीत, पोस्टमनला पुसून.

ताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "सकाळपासून काढत होते गं."

वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्यानं यावं आणि घरच्याचंच अंथरूण बाहेर फेकावं, असला प्रकार तिनं स्वतःच्या हातानं लिहिला होता. पोस्टमनचा पाय पुन्हा काढून होईपर्यंत ती ताईंशेजारून हलली नाही. मग वर जाऊन तिनं ती कमांड मुळापासून बदलली. येणारा पाय आता स्वतःच्या वेगळ्या खिडकीत, बिननावाचा उघडायचा. जुन्या फाइलीला धक्का नाही, चालू कामाला हात नाही. एखादी फाइल फाटकी निघाली तर तिचं नाव सांगायचं आणि बाकीच्या आणायच्या.

नंतर ताईंनी जुन्या फाइलींचा एक अख्खा कप्पाच निवडला. खिडकीवर खिडकी उघडत गेली. ताईंनी चष्मा पुसला आणि चेहरे ओळखावेत तसे पाय ओळखायला लागल्या.

"हा बेकरीवाला. ही त्याची बहीण, हट्टी, नेहमी अर्धं माप कमीच सांगायची. आणि हे..." त्या थांबल्या. "हे तर आपले बाबा."

ताईंचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा रुंद, थोडा वाकडा पंजा पडद्यावर जसाच्या तसा होता. ताईंनी वहिनीचा हात दाबला. ती फाइल पहिली सेव्ह झाली.

जोडे तयार झाल्यावर गाण्याच्या बाई आल्या. त्यांनी ते घातले, उठल्या, काठी कपाटाला टेकवली आणि दारापर्यंत जाऊन परत आल्या. ताई त्यांच्या टाचांकडे बघत होत्या, वहिनी जिन्यावरून.

"माप न घेता कसं जमवलंत?" बाईंनी विचारलं.

"हिला विचारा," ताई म्हणाल्या. "हिनं तुमचे पाय उचलून आणले."

बाई हसल्या आणि हौसेनं आणखी एक फेरी मारून आल्या.

बातमी काय, वाऱ्यावर जाते. त्याच आठवड्यात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका जोडेवाल्याचा फोन आला. त्याच्याकडेही तोच प्रोग्रॅम, तसाच कण्हणारा कॉम्प्युटर.

"माझ्या जुन्या फाइलींचं काही होईल का?" त्यानं भीत भीत विचारलं.

वहिनी खुर्चीत ऐसपैस मागे रेलली. "होईल की," ती म्हणाली. "सगळ्या घेऊन या."