लाल ओढणी आणि तलावावरचा वारा

आंधीच्या धुळीचा वास आला की मी करोल बागेतल्या आमच्या गच्चीवर पळते आणि आधी दोरीवरची लाल ओढणी कुठं उडतेय ते बघते. ही सवय जुनी, ती लागली तेव्हा आम्ही दिल्लीत नव्हतो, पहाडात एका लांबच्या तलावाकाठी राहायचो, आमचे हे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाचे मेकॅनिक, आणि बाळ नुकतं बसायला लागलं होतं. एक दिवस हेही विमानात होते आणि वारा दाखवणारा काठावरचा झेंडा फाटून गेला होता. निघताना फोनवर म्हणाले, "अगं, तुझी ओढणी बांध बांबूला, वारा पाठीमागून आला ना तर विमान थांबत नाही, सीधा काठाच्या दगडांवर." मी बांधली. ओढणी तलावाकडे उडत होती म्हणून वारा समोरून घेत विमान तिकडून माझ्याकडे तोंड करून खाली यायला लागलं, आणि अचानक वारा फिरला, पाणी काळं पडलं, ओढणी बांबूला गुंडाळून बसली, आता त्यांना वारा दिसणार कसा! बाळाला खाली ठेवलं, दातांनी गाठ सोडली, ओढणी दोन्ही हातांनी वर धरली तर ती माझ्या मागे उडायला लागली, म्हणजे वारा आता विमानाच्या पाठीमागून, मी ओरडतेय, विमान पाण्याला टेकणार, टेकणार, आणि एकदम वर उचललं, माझ्या डोक्यावरून गेलं. फिरून दुसऱ्या बाजूने उतरलं तेव्हाही मी ओढणी धरून उभीच. हे पळत आले, "अरे यार, वाचवलंस! बाळ कुठंय?" मला आठवेचना. ते माझ्या पायाशीच होतं, वाळू खात. आज हे परत तिकडेच गेलेत, इथं आंधी सुटलीय, इथल्या वाऱ्याचा तिथं काही संबंध नाही हे मला कळतं, तरी ओढणी दोरीवरून काढवत नाही.